एच की एन : १८० मीटरवरच्या एका पायपट्टीचं वाचन

चिखलात चोच खुपसत चाललेल्या पन्नासेक पाणटिवळ्यांपैकी एकाच्या पायावर काहीतरी पिवळं चमकलं. ताई हळूच म्हणाल्या, "फ्लॅग आहे. स्कोप हलवू नकोस." तिथून पुढचे तीन दिवस आमचा जीव त्या एका पायात अडकला होता.

स्पॉटिंग स्कोपला (ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने पाहायच्या दुर्बिणीला) किंवा टेलिस्कोपला कॅमेरा जोडून लांबच्या पक्ष्याचा फोटो काढता येतो, हे आता बहुतेक पक्षीनिरीक्षकांना माहीत आहे. मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी १९९९ मध्ये स्कोपच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, छोटा डिजिटल कॅमेरा लावून फोटो काढले आणि डिजिस्कोपिंगचा तो प्रकार जगभर पसरला. पण फोटो निघणं वेगळं आणि त्या फोटोवरून शपथेवर सांगता येईल अशी नोंद करणं वेगळं. आम्ही पहिल्याच दिवशी फोटो काढला होता. छान स्पष्ट होता, आणि चुकीचा होता.

काय वाचायचं होतं

पक्षी पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा. जागा खाडीच्या मुखाजवळचा चिखलाचा पट्टा, आम्ही बांधावर. पक्ष्याच्या जवळ एक जुना खांब होता. फोनवरच्या नकाशात बांधापासून त्या खांबापर्यंतचं अंतर मोजलं, ते साधारण १८० मीटर भरलं. या तंत्रात अंतर अंदाजाने धरू नये असं माझं ठाम मत आहे. पाण्यापलीकडचं अंतर डोळ्याला नेहमी कमी वाटतं आणि मग सगळी गणितं कोसळतात.

फ्लॅग म्हणजे पायाभोवती गुंडाळलेली प्लास्टिकची छोटी पट्टी, तिचं एक टोक झेंड्यासारखं बाहेर आलेलं. पाणटिवळ्यासारख्या उंच पायांच्या पक्ष्याला ती पायाच्या वरच्या भागात बसवतात, म्हणजे तो पाण्यात उभा असला तरी दिसते. आपण ज्याला त्याचा गुडघा समजतो तो खरं तर घोटा असतो. पट्टी त्याच्या वर होती. पट्टीच्या रंगावरून पक्षी कुठे पकडून सोडला ते कळतं. पूर्व आशिया-ऑस्ट्रेलेशिया स्थलांतर मार्गावर व्हिक्टोरियाची पट्टी नारिंगी, वायव्य ऑस्ट्रेलियाची पिवळी, क्वीन्सलँडची हिरवी. आणि पट्टीवर कोरलेल्या अक्षरांवरून नेमका तो एकच पक्षी कळतो.

या अक्षरांचं मोल सांगायला दोन उदाहरणं पुरेत. बी९५ हा सांकेतिक क्रमांक असलेल्या लाल नॉट पक्ष्याच्या पायात पहिली कडी १९९५ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, टिएरा डेल फ्यूगोला चढली, आणि पुढे जवळजवळ दोन दशकं लोकांनी त्याची नारिंगी पट्टी दुर्बिणीतून वाचली म्हणून त्याचं आयुष्य आपल्याला ठाऊक झालं. दुसरं उदाहरण आमच्याच पक्ष्याच्या जातीतलं. ई७ ही मादी २००७ मध्ये अलास्काहून न्यूझीलंडला कुठेही न उतरता ११,००० किलोमीटरहून जास्त उडाली, साधारण आठ दिवसांत. तिच्या अंगात उपग्रहाला संदेश देणारं यंत्र होतं. आमच्या पाणटिवळ्याकडे तीन अक्षरांखेरीज काही नव्हतं. त्यातलं एक अक्षर चुकलं, तर आपण एका पक्ष्याचा प्रवास दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो. वर ती चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण नोंद दिसायला अगदी रीतसर असते.

पहिला दिवस : उन्हात, फोन लावून

सकाळचे अकरा वाजले होते, ऊन लख्ख. आमचा स्कोप ८० मिलिमीटर भिंगाचा, २० ते ६० पट झूमचा. त्यावर फोन अडॅप्टरने बसवला. स्कोपला फोन लावताना जे करायचं ते केलं. आयपीसचा रबरी कप खाली वळवला, फोनची मुख्य लेन्स आयपीसच्या मधोमध आणली, कडेचा काळा गोल जाईपर्यंत अडॅप्टर सरकवला. हल्लीचे बरेच फोन झूम करताना आपल्या मनाने दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात, म्हणून लेन्स कुलूपबंद करणारं अॅप वापरलं. फोकस स्कोपच्या चाकाने, एक्स्पोजर थोडं उणे, कारण फिकट पट्टी उन्हात पांढरी फटक पडते आणि अक्षरं त्यात विरघळतात. टिपायला रिमोट.

पक्षी लांब, म्हणून मी सरळ ६० पटीवर गेलो. फोनच्या पडद्यावर पक्षी मोठा दिसला, पण जिवंत पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हलत होता. तापलेल्या चिखलावरून उठणारी गरम हवा आणि तिच्यावरची थंड हवा एकमेकींत मिसळत असतात, प्रत्येक थर प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो. १८० मीटरच्या वाटेत अशी हजार वळणं लागतात. पाय कधी जाड, कधी बारीक, कधी दोन.

तरी शंभरेक फोटोंत एक असा निघाला की आम्ही थबकलो. पट्टी पिवळी, तीन अक्षरं, आणि मधलं अक्षर स्वच्छ एच. दोन उभ्या रेघा, मध्ये एक आडवी.

"ताई, एच आहे."

"तुला दिसतंय की वाटतंय?"

मी फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पायावरची पिसं कुठे आहेत?" प्रश्न मला तेव्हा कळला नाही. फोटोत अक्षर काचेवर कोरल्यासारखं होतं, आणि त्याच्याच वरचा मांडीचा भाग मेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत होता. एकाच फोटोत, एकाच अंतरावर, एकाच फोकसमध्ये अक्षर इतकं धारदार आणि पिसं इतकी सपाट, हे कसं?

घरी जाऊन त्याच क्षणाच्या आसपासचे इतर फोटो शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. फोन एका क्लिकमागे अनेक चित्रं घेतो, ती एकावर एक बसवतो, दाणेदारपणा पुसतो आणि जिथे कड असावी असं त्याला वाटतं तिथे कड ठळक करतो. हवेत थरथरणाऱ्या पुसट डागाला त्याने दोन उभ्या रेघा आणि एक आडवी रेघ असं रूप दिलं होतं. पुढच्याच फोटोत तेच अक्षर एमसारखं, त्याच्या पुढच्यात नुसता चौकोन. ते एच कॅमेऱ्याने टिपलेलं नव्हतं, फोनने घडवलेलं होतं. नोंदीसाठी फोनने फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण धूसर फोटो आपल्याला सावध ठेवतो, पण असा धारदार फोटो सावधपणाच काढून घेतो.

कागदावर

त्या संध्याकाळी ताईंनी मला गणित करायला बसवलं. अक्षराची उंची ६ मिलिमीटर धरली, रेघेची जाडी १, आणि दोन उभ्या रेघांमधली जागा २ मिलिमीटर. एच आणि एन यांच्यातला सगळा फरक त्या २ मिलिमीटरच्या जागेत असतो. आडवी रेघ असेल तर एच, तिरकी असेल तर एन.

आता स्कोपची कुवत. ८० मिलिमीटर भिंग कितीही उत्तम असलं तरी साधारण १.७ विकलांपेक्षा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. ही प्रकाशाचीच मर्यादा आहे, जास्त पैसे टाकून ती ओलांडता येत नाही. १८० मीटरवर याचा अर्थ दीड मिलिमीटर. म्हणजे हवा पूर्ण स्थिर असली, फोकस अचूक असला, ट्रायपॉड दगडासारखा असला, तरीही २ मिलिमीटरच्या फटीतला आकार आमच्या भिंगाच्या अगदी काठावर होता. आणि हवा तर उकळत होती.

झूमचं गणित आणखी डोळे उघडणारं निघालं. माझ्या फोनच्या लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ ४.२५ मिलिमीटर, अॅपर्चर एफ/१.८, म्हणजे तिचं तोंड जेमतेम २.४ मिलिमीटरचं. स्कोपमधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका किती जाड असते, तर भिंगाचा व्यास भागिले पट. ६० पटीला ती १.३ मिलिमीटर भरते. फोनचं तोंड मोठं आणि शलाका बारीक, म्हणून फोनला एरवीच्या एक तृतीयांशच प्रकाश मिळतो. मग तो वेळ वाढवतो किंवा संवेदनशीलता वाढवतो, दाणे येतात, ते पुसायला तो पुन्हा आपली कारागिरी सुरू करतो. साधारण ३४ पटीपर्यंत शलाका फोनच्या तोंडाएवढी किंवा जाड असते आणि प्रकाश वाया जात नाही. ६० पटीवर अक्षर सेन्सरवर सहाएक पिक्सेल उंच पडत होतं, ३० पटीवर तीन. एकीकडे अंधार, दुसरीकडे पिक्सेलची टंचाई. १८० मीटरवर फोनने हे अक्षर निघणारच नव्हतं.

पट वाढवले की तपशील वाढतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. वाढतं ते चित्र. तपशील भिंगाच्या व्यासावर, मधल्या हवेवर आणि अंतरावर ठरतो.

दुसरा दिवस : आकाशाचा टेलिस्कोप

ताईंकडे तारे पाहायचा टेलिस्कोप आहे. तोही ८० मिलिमीटरचाच, फोकल लेंग्थ ६००, म्हणजे एफ/७.५. यात आयपीस आणि फोनची लेन्स दोन्ही मधून काढून टाकता येतात. टी-रिंग नावाच्या जोडकडीने कॅमेऱ्याची बॉडी थेट नळीला जोडली की टेलिस्कोपच कॅमेऱ्याची लेन्स होतो. ऑटोफोकस नाही, अॅपर्चर बदलता येत नाही, स्थिरीकरण नाही. पण कॅमेरा आपल्या पदरचं काही घालत नाही, रॉ, म्हणजे कुठलीही प्रक्रिया न केलेली फाइल मिळते, आणि त्या सकाळी मला तेच हवं होतं.

या जोडणीत नवख्याला अडवणाऱ्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. हे टेलिस्कोप तिरपा आरसा लावून डोळ्याने पाहण्यासाठी बनलेले असतात, त्यामुळे फोकस नळीच्या बराच मागे पडतो. आरसा काढून कॅमेरा लावला की फोकसर पूर्ण बाहेर काढूनही चित्र जुळत नाही, मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब घालावी लागते. वस्तू जवळची असेल तर फोकस आणखी मागे जातो. ६०० मिलिमीटरच्या टेलिस्कोपला १८० मीटरवर फक्त २ मिलिमीटर, पण २० मीटरवर साधारण १९ मिलिमीटर. आणि आरसा तसाच ठेवून त्यावर कॅमेरा लावण्याचा मोह झालाच, तर लक्षात ठेवा, चित्र डावं-उजवं उलटतं. पक्ष्याच्या फोटोत ते खपून जातं. अक्षराच्या वाचनात उलटलेला एन पुन्हा एका नव्या घोटाळ्याला जन्म देतो.

पहाटे पोचलो. नळी गाडीतल्या ऊबेतून थंड हवेत आली होती, म्हणून अर्धा तास नुसती उघड्यावर ठेवली. नळीच्या आत गरम हवा असेल तर बाहेरची हवा कितीही शांत असो, चित्र आतल्या आतच डहुळतं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण खाली, मधला दांडा आत, पिशवी खाली टांगलेली, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

सूर्य वर यायच्या बेतात होता तेव्हा हवा खरोखर स्थिर होती. पाणटिवळे मात्र पुन्हा त्याच खांबापाशी. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अक्षर पाच पिक्सेल उंच पडत होतं. दुप्पट करणारी बार्लो लेन्स लावली तर दहा, पण मग एफ/१५, आणि त्या प्रकाशात आयएसओ ३२०० ला शटर १/१२५ च्या वर जाईना. चालणाऱ्या पायाला तेवढं पुरत नाही. बार्लो काढली, लावली, पुन्हा काढली. सूर्य वर आला, तासाभरात चिखल तापला आणि खेळ संपला.

तीनेकशे फ्रेमपैकी दोन फ्रेम अशा होत्या की पक्षी थांबलेला, पट्टी समोर. त्यांत मधल्या अक्षराची मधली रेघ डावीकडे वर आणि उजवीकडे खाली झुकलेली वाटत होती. वाटत होती, एवढंच. काल जे छातीठोक एच होतं त्याला तडा गेला, पण एन म्हणायची हिंमत त्या पाच पिक्सेलांवर होईना.

खाली उतरून चिखलातून चाळीस-पन्नास मीटर पुढे गेलो असतो तर? मी विचारलं, ताईंनी मान हलवली. लांबच्या उड्डाणाआधी हे पक्षी अंगात चरबी साठवत असतात. थवा एकदा उठला की खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेलं खर्च होतं. "आपण जायचं नाही," त्या म्हणाल्या, "पाण्याला आणू दे."

तिसरा दिवस : पाण्याने आणलं

दोन दिवस आम्ही ओहोटीला येत होतो, कारण ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी पसरून दिसतात. तिसऱ्या दिवशी भरतीचं वेळापत्रक पाहून निघालो. उधाणाचे दिवस होते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पाणी अर्ध्यावरच थांबलं असतं, उधाणाला ते बांधाच्या पायथ्यापर्यंत येतं, आणि पाण्याच्या कडेने खात खात पक्षीही सरकत येतात. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी बांधाच्या उतारावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर आमची आकृती उठणार नाही अशा बेताने बसलो आणि मग हललो नाही. ढग होते. ढगाळ दिवस फोटोला वाईट असं म्हणतात, पण लांबच्या फोटोला त्याच्यासारखा दिवस नाही, चिखल तापतच नाही.

या वेळी दोन्ही साधनं शेजारी शेजारी. टेलिस्कोपवर कॅमेरा, बार्लो नाही. स्कोपवर फोन, पण ४० पटीला आणि फोटोऐवजी व्हिडिओवर. व्हिडिओतही फोनची प्रक्रिया असते, पण शेकडो फ्रेम मिळतात आणि अक्षर एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये टिकतं की बदलतं ते पाहता येतं.

पहिला तास काहीच झालं नाही. पाणी खांबाला लागलं. थवा उठला, एक फेरी मारून पुन्हा पुढ्यात उतरला. पाणी पाठीशी लागल्यासारखे ते चार पावलं येत, थांबत, चोच मुळापर्यंत खुपसत, पुन्हा चार पावलं. पिवळी पट्टीवाला कडेला होता. एका वाळलेल्या तिवराच्या बुंध्याशी तो थांबला. तो बुंधा आम्ही आधीच मोजून ठेवला होता, ८५ मीटर. त्या अंतरावर आमच्या भिंगाची मर्यादा दीड मिलिमीटरवरून पाऊण मिलिमीटरच्याही आत येते. सेन्सरवर अक्षर अकरा पिक्सेल. शटर १/८००.

त्याने एक पाय पोटात घेतला. पट्टी नेमकी दुसऱ्या पायावर, उभ्या असलेल्या. वाऱ्याने मांडीवरची पिसं हलत होती आणि ती मला पडद्यावर सुटी सुटी दिसत होती. मी ताईंकडे पाहिलं, त्या पिसांकडेच पाहत होत्या. पट्टीची खालची कड थोडी झिजलेली, पिवळा रंग कडेला फिकटलेला, अक्षरांच्या खाचांत चिखल बसून त्या काळ्याभोर झालेल्या. मधल्या अक्षराची तिरकी रेघ डावीकडच्या वरच्या टोकातून निघून उजवीकडच्या खालच्या टोकाला जाऊन भिडत होती.

आम्ही एकमेकांना काही सांगितलं नाही. हे आधीच ठरलं होतं. दोघांनी आपापल्या वहीत तीन अक्षरं लिहिली, मग वह्या बदलल्या. दोन्हींत एन. नंतर घरी व्हिडिओ एकेक फ्रेम करत पाहिला. पट्टी समोर असलेल्या जवळजवळ प्रत्येक फ्रेमला तिरकी रेघ जागेवर होती, आणि जिथे ती नीट दिसत नव्हती तिथे ती धूसर होती, पण आडवी झालेली नव्हती.

पट्टी लावणाऱ्यांना नोंद पाठवताना तिन्ही दिवसांचे फोटो जोडले, पहिल्या दिवसाचाही. कुठल्या साधनाने, किती अंतरावरून, कुठल्या वेळी, फाइल रॉ की फोनने प्रक्रिया केलेली, हे प्रत्येकाखाली लिहिलं. दोघांनी स्वतंत्रपणे वाचल्याचंही लिहिलं. उत्तर आलं त्यात पाणटिवळ्याची पकडल्याची तारीख, तेव्हाचं वय आणि चोचीची लांबी होती. मधलं अक्षर एच असलेली पट्टी दुसऱ्याच एका पक्ष्याला लावलेली आहे, असंही त्यांनी एका ओळीत कळवलं होतं.

पहिल्या दिवशीचा तो सुंदर फोटो मी आमच्या गटाच्या सामायिक फोल्डरमध्ये उत्साहाने टाकला होता. तो मी काढून टाकला नाही. फाइलचं नाव बदलून 'एच : चुकीचं वाचन, ६० पट, सकाळी ११' असं केलं आणि त्याच्या शेजारी ८५ मीटरवरची फ्रेम ठेवली.